थोडे दिसते, त्याचे काय करायचे?





एरवी या पानावर आम्ही शाळेच्या प्रगतीविषयी लिहितो. यावेळी एका चुकीविषयी लिहीत आहोत. चूक आमची आहे. ज्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती झाली, त्याची आणि त्याच्या आई-वडिलांची परवानगी घेऊनच हा लेख लिहिला आहे. मुलाचे नाव व वर्ग आम्ही देणार नाही.

हा मुलगा खो-खोत चपळ. मधल्या सुट्टीत दोन-दोन पायऱ्या गाळून जिना उतरणारा. पण फळ्यावरचे उतरवून घ्यायचे म्हटले की वही अर्धी कोरी. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो म्हणून त्याला दोनदा मागच्या बाकावर बसवले गेले. शिक्षक बोलत असताना तो त्यांच्याकडे सरळ न पाहता त्यांच्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाही. "मोठ्यांशी बोलताना तोंडाकडे बघावं," असे आम्ही स्वतः त्याला ऑफिसात बोलावून सांगितले होते. प्रगतिपुस्तकात शेरा पडला : लक्ष नाही, वागणूक उद्धट. खाली सही आमची.

पुढे चष्मा झाला, चष्म्याने फरक पडला नाही, आणि मग नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात औषध घालून पडदा तपासला. पडद्याच्या अगदी मधल्या भागाचा आजार निघाला. नजर परत आणील असे औषध त्याच्या आजारावर आज नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, मग याला आता अंधशाळेत घालायचं का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती ती ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाण्याची. आम्ही वडिलांबरोबर गेलो आणि दोन तास एका कोपऱ्यात बसून सर्व पाहिले. त्यानंतर बरेच वाचले, विचारले. ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

आंधळा आणि डोळस यांच्या मधे

आपण समजतो की माणसाला एक तर दिसते किंवा दिसत नाही. खरे पाहता या दोहोंच्या मधे फार मोठा पट्टा आहे. चष्मा, औषध, शस्त्रक्रिया हे सगळे करूनही जी नजर अपुरी राहते, पण जिचा उपयोग करता येतो, तिला अल्पदृष्टी म्हणतात.

डॉक्टरांच्या कागदावर ६/१८, ६/६० असे आकडे असतात. त्यांचा अर्थ सोपा आहे. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येते, ते वाचायला एखाद्याला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागत असेल, तर त्याची नजर ६/६०. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असून ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. किंवा नजर समोरची असली तरी आजूबाजूचे दिसण्याचा घेर ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत आक्रसला असेल, तर तीही अल्पदृष्टी. आमच्या विद्यार्थ्याची नजर ६/३६ निघाली.

मग हा मुलगा धावतो कसा? मुलांनो, एक प्रयोग करा. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. नखाने जेवढी जागा झाकली, साधारण तेवढ्याच भागात आपला डोळा बारीक अक्षर वाचू शकतो. आता नजर नखावरच ठेवा आणि शेजारी धरलेल्या पुस्तकातली ओळ वाचून पाहा. पुस्तक आहे हे कळते, अक्षर कळत नाही. आमच्या विद्यार्थ्याचा नेमका तो नखाएवढा भाग बिघडलेला आहे. कडेचे सर्व शाबूत आहे, म्हणून तो धावतो, जिना उतरतो, अंगावर आलेला गडी चुकवतो. फळा आणि चेहरा मात्र त्याला पुसट. शिक्षकांच्या कानाकडे पाहिले की कडेच्या नजरेने त्यांचा चेहरा थोडा तरी दिसे. आम्ही ज्याला उद्धटपणा म्हटले, ती त्या मुलाने स्वतःच शोधून काढलेली युक्ती होती!

याच्या उलटही असते. काचबिंदूत बहुधा कडेचे आधी जाते. अशा आजोबांना वर्तमानपत्र वाचता येते, पण दारातली चप्पल दिसत नाही. घरचे म्हणतात, "पेपर दिसतो, मग चप्पल कशी दिसत नाही?" दोघांनाही 'कमी दिसते', पण दोघांचे कमी वेगळे आणि म्हणून उपायही वेगळे.

व्यवसायोपचार म्हणजे काय

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे मराठी लिहिताना आमचे शब्द अडतात हे आपण जाणताच. पण ऑक्युपेशनल थेरपीचा 'व्यवसायोपचार' हा प्रतिशब्द मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही अडेल. व्यवसाय म्हटले की आपल्याला धंदा आठवतो. इथे अर्थ असा की माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामे : आंघोळ, स्वयंपाक, नोकरी, पूजा, बाजारहाट. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे आणि शिकणे. आजार किंवा अपंगत्व आल्यावर ही कामे पुन्हा कशी करता येतील हे पाहणारा तो व्यवसायोपचार तज्ज्ञ.

हे शास्त्र आपल्या देशात आले त्याची हकीकत मराठी माणसाने माहीत ठेवण्याजोगी आहे. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० मध्ये त्या भारतात आल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशिया खंडातली ही पहिली शाळा. नंतर नागपुरातही त्यांनी असे शिक्षण सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्याच वर्षी या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक १० देशांत भारत होता. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजाराचे निदान नेत्रतज्ज्ञ करतात. चष्मा, भिंग, दुर्बीण किती शक्तीची हवी हे ऑप्टोमेट्रिस्ट मोजून ठरवतात. ते साधन घेऊन घरी, शाळेत, रस्त्यावर कामे कशी करायची, हे व्यवसायोपचार तज्ज्ञ शिकवतात. आपल्याकडे या विषयात काम करणारे तज्ज्ञ सगळीकडे मिळत नाहीत. पुष्कळ ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्ट आणि विशेष शिक्षक मिळून हे काम सांभाळतात. म्हणून डॉक्टरांना आपणच विचारावे : "चष्म्याने आता सुधारणा नाही हे समजले. अल्पदृष्टी विभागाकडे चिठ्ठी द्याल का?"

तपासणी : पहिला प्रश्न

आम्हांला वाटले होते की खोलीत गेल्याबरोबर अक्षरांचा तक्ता समोर येईल. तसे झाले नाही. ताईंनी खुर्ची मुलाच्या समोर ओढली आणि विचारले, "तुला काय काय करायचं असतं, जे जमत नाही?"

वडील उत्तर देऊ लागले. ताईंनी हात जोडून त्यांना थांबवले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग एकेक बाहेर आले. फळ्यावरचे उतरवायचे. दुसऱ्याची वही मागायची नाही. समोरून येणारा मित्र कोण ते ओळखायचे, कारण हाक मारली नाही म्हणून दोघे त्याच्याशी बोलत नव्हते. बसचा नंबर वाचायचा. आणि उत्तरायणात स्वतः पतंग उडवायचा. आदल्या वर्षी गच्चीवर सर्वांनी त्याच्या हातात फक्त फिरकी दिली होती.

प्रत्येक कामाला त्यालाच १ ते १० गुण द्यायला सांगितले. हे काम तुला किती महत्त्वाचे? आज किती जमते? जे जमते त्यावर तू किती खूश आहेस? ही कॅनडातील तज्ज्ञांनी तयार केलेली पद्धत आहे. काही महिन्यांनी हेच गुण पुन्हा विचारतात, म्हणजे उपाय लागू पडला की नाही ते खुद्द त्या माणसाच्या मापाने कळते. मुलाने फळ्याला महत्त्वाचे ९ गुण दिले. पतंगाला १०.

आपल्या देशातील मुलांसाठीही हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी १९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बसचा नंबर, फळ्यावरचे उतरवणे, ताटातले पदार्थ शोधणे, सुईत दोरा ओवणे अशा आपल्या रोजच्या गोष्टी विचारल्या आहेत. अक्षरांचा तक्ता डोळा मोजतो. हे प्रश्न दिवस मोजतात.

यानंतर प्रत्यक्ष कामे. लहान-मोठ्या टाइपातले उतारे वाचायला दिले. जेमतेम वाचता येणे आणि वाचत राहणे यांत फरक आहे. सलग वाचायला जेमतेम आकाराच्या साधारण दुप्पट अक्षर लागते. खिडकीकडे पाठ करून आणि तोंड करून, दोन्ही प्रकारे वाचून घेतले. फिकट राखाडी अक्षरे दाखवली, कारण कित्येकांना मोठे पण फिकट अक्षर दिसत नाही, आणि लहान पण गडद दिसते. पेल्यात पाणी ओतायला, नाणी ओळखायला लावले. दिवसा, संध्याकाळी, उन्हातून एकदम आत आल्यावर काय होते ते विचारले. घरचा अभ्यासाचा कोपरा आणि शाळेचा वर्ग यांचे फोटो मागितले. शक्य असेल तेव्हा तज्ज्ञ घरी येऊनही पाहतात.

उपाय : बहुतेक सगळे साधे

आम्हांला मोठी यंत्रे सुचवतील असे वाटले होते. निम्म्याहून अधिक उपायांना पैसाच लागला नाही.

पहिला उपाय जवळ जाणे. वस्तू निम्म्या अंतरावर आणली की ती डोळ्याला दुप्पट मोठी होते. पुस्तक नाकाशी धरल्याने डोळे बिघडतात ही आपली समजूत चुकीची आहे. अल्पदृष्टीच्या मुलाला तसे धरू द्यावे. मान दुखू नये म्हणून पुस्तक उभे ठेवायचा तिरका स्टँड द्यावा.

दुसरा उजेड. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच उजेड पोचतो. पण छतावर दुसरी ट्यूबलाइट लावण्यापेक्षा टेबलावरचा दिवा जवळ आणणे चांगले. विज्ञानाच्या तासाला शिकवतो तेच : दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट. दिवा लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला, डोळ्यांच्या खाली असावा. काही आजारांत मात्र झगझगीत उजेडाचा त्रास होतो. त्यांना टोपी आणि रंगीत काच लागते. म्हणून शेजाऱ्याचे पाहून उपाय करू नये.

तिसरा रंगांचा भेद. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद ताटात दिसतो. चहा पांढऱ्या कपात ओतावा, दूध रंगीत पेल्यात. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारली की पायरी कुठे संपते ते कळते.

चौथा नजरेची सवय. आमच्या विद्यार्थ्याला ताईंनी कडेने पाहण्याची त्याची युक्ती नीट शिकवली : कोणत्या बाजूला किती पाहिले की अक्षर सर्वांत स्पष्ट दिसते ते शोधायचे आणि सरावाने तीच जागा पक्की करायची. ज्यांचा घेर आक्रसला आहे त्यांना उलट शिकवतात : मान फिरवून, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, क्रमाने पाहायचे.

पाचवी साधने. त्याला हातात धरायची ४ पट शक्तीची छोटी दुर्बीण दिली. हिशेब मुलांनी करून पाहावा : ३६ भागिले ४ म्हणजे ९, म्हणजे दुर्बिणीतून त्याला साधारण ६/९ एवढे दिसते. मात्र एका वेळी फळ्याचा लहानसा तुकडाच दिसतो, म्हणून ओळ शोधायचा सराव करावा लागतो. भिंगाचेही तसेच. भिंग जेवढे शक्तीचे तेवढे ते कागदाच्या जवळ लागते. २० डायॉप्टरचे भिंग कागदापासून ५ सेंटीमीटरवरच चालते. हे न शिकवता भिंग घरी दिले तर ते महिन्याभरात कपाटात जाते. आज साध्या मोबाइलनेही फळ्याचा फोटो काढून मोठा करता येतो.

दुर्बीण शाळेत आणायला मुलगा तयार नव्हता. "सगळे हसतील." वर्गशिक्षिका बाईंनी त्याला विचारून एक तास सगळ्या वर्गाला ती दुर्बीण हाताळू दिली. त्या तासानंतर कोणी हसले नाही. आता दोघा-तिघांची ती मागून घेण्याची धडपड असते, तेवढी आवरावी लागते.

घरातल्या आजी-आजोबांसाठी

पालकहो, आपल्या बहुतेक घरांत काचबिंदू, मधुमेह किंवा वयामुळे नजर कमी झालेले कोणीतरी आहे. आपण प्रेमाने म्हणतो, "आई, आता तुम्ही बसा, गॅसजवळ जाऊ नका." जिने चाळीस वर्षे घर जेवू घातले, तिचा दिवस त्या एका वाक्याने रिकामा होतो. तज्ज्ञ आधी विचारतात की कोणते पाऊल अडते. गॅसच्या बटणावर 'बंद'च्या जागी रंगाचा उंच ठिपका लावला, तिखट-हळदीचे डबे वेगवेगळ्या आकाराचे घेतले, ओट्यावर दिवा लावला, वस्तूंच्या जागा ठरवल्या आणि त्या कोणीही बदलायच्या नाहीत असे घराने पाळले, तर पुष्कळ आजी पुन्हा वरणाला फोडणी देऊ शकतात.

पैशांचा व्यवहार हाही मानाचा प्रश्न. २०० ची नोट ५०० च्या नोटेपेक्षा लांबीला फक्त ४ मिलिमीटरने लहान आहे. पण कडेला बोट फिरवले तर उंच रेघा लागतात : ५०० वर ५, आणि २०० वर ४ रेघा व त्यांच्यामधे २ गोल. नोट नवी असेपर्यंत त्या चांगल्या जाणवतात. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मनी' नावाचे मोबाइल ॲपही काढले, ते नोट ओळखून बोलून सांगते. २० रुपयांचे नाणे बारा कोनांचे आहे, ते हाताला ओळखू येते. सुट्टीत नातवंडांनी आजीला एवढे शिकवले तरी गृहपाठ झाला असे आम्ही समजू.

शाळेचे कर्तव्य

२०१६ च्या कायद्याने अशा मुलाला शेजारच्या साध्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला आहे, आणि परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सोयींची तरतूद केली आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यू.डी.आय.डी. कार्ड लागते. अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. पालकांनी हा दाखला काढण्यात कमीपणा मानू नये. बोर्डाचे वर्ष येईपर्यंत थांबूही नये.

आम्ही शाळेत काही बदल केले आहेत. त्या मुलाची जागा पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून ठरवली. फळ्यावर लिहिताना शिक्षक ते मोठ्याने वाचतात, आणि त्याचा फायदा सगळ्याच वर्गाला झाला. त्याची प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपात निघते. शिक्षकांना एक यादी दिली आहे : जो मुलगा वही नाकाशी धरतो, मान तिरकी करतो, ओळ गाळतो, शेजारच्याचे पाहून लिहितो, उन्हात डोळे मिटतो, त्याला रागावण्याआधी त्याचे डोळे तपासावेत.

माननीय विश्वस्तांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. दोन्ही जिन्यांच्या पायऱ्यांना पिवळ्या पट्ट्या माराव्यात. चकाकणारे जुने फळे बदलून काळे, न चमकणारे करावेत. आणि दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची नेत्रतपासणी व्हावी, त्यात चष्मा लावूनही ज्यांची नजर सुधारत नाही त्यांची वेगळी नोंद ठेवावी. खर्च फार नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सर्व बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आज मूल शाळेत येते, पण त्याला फळा दिसत नसेल तर तो सक्तीचा उपयोग काय?

आता त्या मुलाविषयी शेवटचे. चार महिन्यांनी ताईंनी पुन्हा गुण विचारले. फळ्याचे २ वरून ७ झाले. चेहरे ओळखणे फारसे सुधारले नाही. त्यावर तोडगा असा की मित्रच आता आधी आपले नाव सांगतात. उत्तरायणात तो गच्चीवर होता. पतंग त्याला दिसत नव्हता, आणि दिसेल असे आम्ही खोटे सांगणार नाही. पण मांजाची ओढ बोटांना कळते. शेजारी उभा राहून मित्र "ढील दे, खेच" असे सांगत होता, आणि फिरकी त्या मित्राच्या हातात होती. पतंगाला त्याने ८ गुण दिले.

जुन्या प्रगतिपुस्तकातला तो शेरा आम्ही स्वतः खोडला, खाली पुन्हा सही केली, आणि त्याची क्षमा मागितली. तो खाली मान घालून म्हणाला, "असू द्या सर." बोलताना तो आमच्या कानाकडे पाहत होता. आता आम्हांला माहीत आहे की तो आमच्याकडेच पाहत होता.

आपला,
मुख्याध्यापक